एमजीबी घरीच करा, पण आधी पेरोलला ईमेल टाका

डिडकॉटहून एका वाचकांचं पत्र आलंय, थोडक्यात देतो. वय ४३, मूळ सांगलीचे, ऑक्सफर्डजवळ इंजिनियर, पगार ६३,००० पौंड, पत्नी सध्या घरी, दोन लहान मुलं, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेतात, घराचं २,४०,००० पौंड कर्ज बाकी. मागच्या वर्षी त्यांनी १९७१ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश गाडी ४,५०० पौंडांना घेतली. ते लिहितात, "गाडी चालते, पण ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराखालच्या सिलला खालून स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला. गॅरेजवाल्याने दोन्ही सिल, ब्रेक, कार्ब्युरेटर, पेंट सगळं धरून १४,००० प्लस व्हॅट सांगितलेत. घरी केलं तर वेल्डिंग मशीन धरून ६,००० मध्ये होईल, दोन वर्षं लागतील. नंतर गाडी २२,००० ला जाईल आणि तिच्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, म्हणजे इन्व्हेस्टमेंटच झाली. पैशाची सोय आहे. कंपनी ६% पर्यंत मॅच करते पण ५७ पर्यंत पैसे अडकतात म्हणून चार वर्षांपूर्वी पेन्शनमधून बाहेर पडलो, मध्ये एकदा कंपनीने पुन्हा घातलं तेव्हाही बाहेर पडलो. त्याऐवजी पुण्यातल्या एका बँकेच्या आरएमने, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरने, सुचवलेल्या युलिपमध्ये (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) महिन्याला २५,००० रुपये टाकतोय, डेट फंडात, सेफ. पुढच्या वर्षी पाच वर्षं होतील आणि टॅक्स-फ्री पैसे हातात येतील. तेव्हा गाडी गॅरेजला द्यावी की घरी करावी?"

घरी करा. फक्त सिलचं वेल्डिंग बाहेर द्या. प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, गाडीकडे परत येतो, पण मला आधी त्या पत्रातल्या "पेन्शनमधून बाहेर पडलो" या तीन शब्दांबद्दल बोलायचंय कारण ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि कॅल्क्युलेटर घेतला.

तुमच्या ६३,००० चे ६% म्हणजे ३,७८०. तुम्ही ३,७८० टाकलेत की कंपनी तेवढेच टाकते, म्हणजे वर्षाला ७,५६० पेन्शनमध्ये जातात. आता तुमच्या खिशातून किती जातात बघा. ५०,२७० च्या वरच्या पगारावर तुम्ही ४०% टॅक्स आणि २% नॅशनल इन्शुरन्स भरता, कंपनीकडे सॅलरी सॅक्रिफाइस, म्हणजे टॅक्सआधीच पगारातून पेन्शनला पैसे वळवायची सोय, असेल तर हे ४२% वाचतात, म्हणजे ३,७८० टाकायला तुम्हाला खरे २,१९० च पडतात. सॅलरी सॅक्रिफाइस नसेल तर ७०-८० पौंड जास्त, फार फरक नाही. अजून एक, चाइल्ड बेनिफिट. उत्पन्न ६०,००० च्या वर गेलं की दर २०० पौंडांमागे १% परत द्यावं लागतं, तुम्ही ३,००० ने वर आहात म्हणजे १५%, दोन मुलांचे वर्षाला साधारण २,२५० मिळतात त्यातले ३४० परत जातात. पेन्शनमध्ये ३,७८० टाकले की तुम्ही ६०,००० च्या खाली येता आणि ते ३४० घरातच राहतात. २,१९० मधून ३४० गेले, उरले १,८५०. महिन्याला १५४ पौंड.

महिन्याला १५४ कमी घरी आले तर ६३० पेन्शनमध्ये जमा होतात. हे तुम्ही चार वर्षं नाकारताय, आणि दुसऱ्यांदा तर फॉर्म भरून नाकारलंत. कंपनीने तुम्हाला पुन्हा घातलं ते काही त्यांच्या मर्जीने नव्हे, साधारण दर तीन वर्षांनी बाहेर पडलेल्यांना परत घ्यायचं असा इथला कायदाच आहे, आणि तो तुमच्यासारख्यांचा विचार करूनच केलाय.

चार वर्षांत पगार थोडा वाढत आला असणार, सरासरी ५७,००० धरा, तरी कंपनीचे साधारण १४,००० पौंड तुम्ही सोडलेत. तुमच्या टॅक्सची बचत मी धरलीच नाहीये, वाढ पण नाही. गॅरेजवाल्याचा आकडा किती होता? १४,०००. तुम्ही दोन वर्षं थंडीत जमिनीवर पाठ टेकून जे वाचवायला निघालाय त्याहून जास्त कंपनीच्या पेरोलमध्ये पडून राहिलं, आणि ते पैसे आता मागे जाऊन मिळत नाहीत.

"५७ पर्यंत अडकतात" हे मला मान्य आहे. २०२८ च्या एप्रिलपासून वय ५५ चं ५७ होतंय, तुमच्यासाठी १४ वर्षं. पण ७,५६० गुणिले १४, एक पैसाही वाढ न धरता लाखाच्या वर पौंड होतात, आणि काढताना पाव हिस्सा टॅक्सशिवाय, बाकीच्यावर त्या वेळच्या उत्पन्नाप्रमाणे टॅक्स. ते पैसे म्हातारपणाचे आहेत, ते अडकलेलेच बरे. आणि युलिपमध्ये काय मोकळे होते का? तिथेही पाच वर्षं लॉक आहेच की.

आता त्या युलिपचं. तुम्ही सोबत स्टेटमेंट पाठवलंय ते बरं झालं. ४८ हप्ते, १२ लाख भरले, आज फंड व्हॅल्यू १२.८ लाख. चार वर्षांत ८०,००० रुपये. यापेक्षा साधी एफडी बरी होती. पैसे गेले कुठे ते त्याच स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर आहे, अलोकेशन चार्ज, अ‍ॅडमिन चार्ज, मॉर्टॅलिटी चार्ज, फंड मॅनेजमेंट चार्ज, सगळं युनिट कापून घेतलंय म्हणून खात्यातून गेलेलं दिसत नाही. डेट फंडात टाकून वर एवढे चार्ज भरायचे याला सेफ म्हणत नाहीत. आणि तुम्ही पौंडात कमावता. सुरुवातीला २५,००० रुपयांचे २५० पौंड व्हायचे, आता रुपया घसरल्यामुळे कमी पौंडांत हप्ता बसतो, भरताना बरं वाटतं, पण काढताना तोच फटका उलटा बसतो. ११५ च्या भावाने १२.८ लाखांचे ११,१०० पौंड, म्हणजे जेमतेम भरले तेवढेच.

टॅक्स-फ्री म्हणून सांगितलं म्हणताय. १ फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा वर्षाचा प्रीमियम अडीच लाखांच्या वर असेल तर भारतातही ती टॅक्सची सूट नाही. तुमचा प्रीमियम तीन लाख आहे. आरएमला हे माहीत नसेल तर त्याने विकायलाच नको होती आणि माहीत असून विकली असेल तर बोलायलाच नको. शिवाय तुम्ही ब्रिटनचे रहिवासी आहात, परदेशी विमा पॉलिसीतला नफा इथे उत्पन्न म्हणून धरला जातो. तिथे टॅक्स नाही म्हणून इथेही नाही, हा समज आपल्या लोकांत इतका पसरलाय की दर महिन्याला एक तरी पत्र त्याचं असतं. सुदैवाने तुमचा नफाच ८०,००० रुपये आहे. पॉलिसी मोडाल त्या वर्षी इथल्या रिटर्नमध्ये दाखवा.

पॉलिसी बंद करा, पण आज नाही. आधी टर्म इन्शुरन्स घ्या. या युलिपचं कव्हर प्रीमियमच्या दहा पट, ३० लाख, म्हणजे २६,००० पौंड, आणि तुमच्या डोक्यावर २,४०,००० आहेत, पत्नी कमावत नाहीत, मुलं लहान. हे मला पेन्शनइतकंच लागलं. कर्जाबरोबर कमी होत जाणारं साधं टर्म कव्हर इथल्याच कंपनीकडून घ्या, त्याच्यात गुंतवणूक वगैरे काही नको. कंपनीचं डेथ इन सर्व्हिस कव्हर (नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला मिळणारी रक्कम) किती आहे तेही विचारा, काही ठिकाणी पेन्शनमध्ये असलेल्यांनाच ते पूर्ण मिळतं, आणि तुम्ही बाहेर आहात. ते कव्हर हातात आलं की युलिपचा हप्ता थांबवा. चौथ्या वर्षात थांबवली तर चार्ज जास्तीत जास्त २,००० रुपये, पाचव्यात काहीच नाही, पैसे डिसकंटिन्यूड फंडात जाऊन किमान ४% ने पडून राहतात आणि पाच वर्षं झाली की मिळतात. मिळाले की ते गाडीत घालू नका. तुमच्या पत्रात कुठे सेव्हिंगचा उल्लेख नाही, घरात एक पगार आहे, सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला पाहिजे.

बरं, गाडी.

इन्व्हेस्टमेंट हा शब्द सोडून द्या म्हणजे गाडीचा आनंद राहील. १४,००० वर २०% व्हॅट म्हणजे १६,८००, अधिक खरेदीचे ४,५००, झाले २१,३००. तुमच्या आशेप्रमाणे २२,००० ला जरी गेली तरी ७०० उरतात, आणि त्या आकड्याला जाईल असं मला वाटत नाही. खासगी गाडीवर कॅपिटल गेन्स नाही हे बरोबर, पण नफाच नसेल तर माफी कशाची. एमजीबी १९६२ ते १९८० तुमच्या शेजारच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनली, पाच लाखांच्या वर. प्रत्येक पार्ट मिळतो, विटनीला तर ब्रिटिश मोटर हेरिटेज अख्खी नवी बॉडीशेल बनवून देतात. म्हणून ही गाडी घरी सांभाळायला इतकी सोपी आहे, आणि म्हणूनच तिची किंमत आकाशाला भिडत नाही. दोन्ही एकाच कारणाने.

सिल बाहेर द्या म्हणतो त्याचं कारण सांगतो. सिल म्हणजे दाराखालचा उंबरठा, पण या गाडीला वेगळी चासी नाही, तो उंबरठाच गाडीचा कणा आहे. अ‍ॅबिंग्डनमधल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये मी बघितलंय, बाहेरचा सिल छान रंगवलेला, ग्राइंडरने कापला तर खाली जुना गंजलेला सिल तसाच, त्याच्यावर नवा पत्रा ठोकलेला, आतला सिल खारीसारखा पापुद्रे सुटलेला आणि खालची कॅसल रेल जवळजवळ नाहीच. तिन्ही पत्रे बदलावे लागतात, आणि कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून आधार द्यावा लागतो, नाहीतर गाडी मधून वाकते आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही. हे शिकायला स्वतःची गाडी घेऊ नये. तुमचं ६,००० चं बजेट यातच फसलं असतं. गॅरेजवाल्याला फक्त सिलचं वेगळं कोटेशन मागा, व्हॅटसकट, आणि दुसऱ्या एकाकडूनही घ्या. वेल्डिंग मशीन घ्यायची गरज नाही.

बाकी सगळं तुमच्या हातचं आहे, इंजिनियर आहात. मित्राबरोबर एका शनिवारी व्हॉल्व्ह सेट केले, फीलर गेज १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि नऊचा नियम, आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. गेज सरकताना लोण्यातून सुरी जावी तसं किंचित धरतं, ते एकदा बोटांना कळलं की झालं. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये २०डब्ल्यू५० तेल, किंगपिनच्या निपलना ३,००० मैलांवर ग्रीस, प्लग, पॉइंट्स, फिल्टर, तेल. वर्षाचे पार्ट शंभरच्या आतबाहेर. पाने एएफ (इंचाच्या) मापाचे घ्या, मेट्रिक पाना लावलात तर नटाचे कोपरे जातात. आणि फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, चांगले अ‍ॅक्सल स्टँड दोन जोड्या, त्यात काटकसर नको, वर लिहिलेल्या २,४०,००० साठी सांगतोय.

पेट्रोल ई५ सुपर घाला, जास्त इथेनॉलचं साधं ई१० जुन्या रबरी नळ्या खातं. गाडी चाळीस वर्षांच्या वरची आहे, हिस्टॉरिक क्लासमध्ये नोंदवली की रोड टॅक्स शून्य आणि लंडनला गेलात तर युलेझचा प्रदूषण आकार नाही. एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, पण गाडी धोकादायक निघाली तर दंड २,५०० पर्यंत आणि लायसन्सवर दंडाचे पॉइंट, म्हणून ५५ पौंड देऊन दरवर्षी एमओटी कराच, सिल झाल्यावर पहिल्याच महिन्यात. इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून, घ्या, दुरुस्तीचे फोटो आणि बिलं जपून ठेवा, व्हॅल्यू ठरवताना तीच लागतात. काम चालू असताना गाडी रस्त्यावर नसेल तर सॉर्न करा, म्हणजे तसं सरकारला कळवा.

पैशाचं गणित आता असं बसतं. हप्ता थांबला की महिन्याला २१५-२२० पौंड सुटतात. १५४ पेन्शनला, उरलेल्यातून टर्मचा हप्ता, आणि त्यानंतर जे वाचेल ते गाडीला. सिलला एकरकमी पैसे लागतील ते जमेपर्यंत गाडी कोरडी उभी राहू दे, तेवढ्यात ब्रेक आणि कार्ब्युरेटर उघडून बसा, कोणाचीच घाई नाही. घाई फक्त पेरोलची आहे. पुन्हा आत यायला तीन वर्षं थांबावं लागत नाही, आज ईमेल केलात तर बहुतेक पुढच्याच पगारात येईल. ६% म्हणून स्पष्ट लिहा, नाहीतर ते कमीत कमी टक्क्यावर घालतात, आणि सॅलरी सॅक्रिफाइस आहे का ते त्याच ईमेलमध्ये विचारा. उत्तर आलं आणि सिलचं कोटेशन मिळालं की मला दोन्ही पाठवा.