वाचकांचे प्रश्न : उत्तर येते, पण तोंड उघडत नाही

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता बेळगावात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात इंग्रजी आणि कन्नड चालते. व्हायवाला, म्हणजे प्रयोगाच्या तोंडी परीक्षेला, उत्तर ठाऊक असूनही शब्द फुटत नाहीत आणि मी मुळातच कच्ची आहे असे वाटते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवरील ताणाविषयी नुकतेच वाचले. माझेही तसेच असेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगदी तसेच नाही. त्या विद्यार्थ्यांच्या मागे गुलामगिरीचा आणि वर्णभेदाच्या कायद्यांचा इतिहास आहे. त्याची बरोबरी आपल्या अडचणीशी करू नये. तरीही त्यांच्याविषयीच्या संशोधनातून तुम्हाला घेण्यासारखे बरेच आहे.

१९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ आरॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय व गोऱ्या विद्यार्थ्यांना एकच अवघड चाचणी दिली. ती बौद्धिक कुवत मोजते असे सांगितले, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. कुवतीचा उल्लेख टाळला, तेव्हा पूर्वीचे गुण लक्षात घेता ते गोऱ्यांच्या बरोबरीने उतरले. आपल्या समाजाविषयीचा वाईट समज आपल्यामुळे खरा ठरेल, या धास्तीत लक्ष खर्ची पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील काही अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मला अधिक मोलाचे वाटते ते वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांचे २०११ मधील काम. त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतील मुलांचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला परके वाटणे सर्वांच्याच वाट्याला येते आणि ते ओसरते. तासाभराच्या त्या उपक्रमानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढील तीन वर्षांत सुधारले.

म्हणून तुमच्याच महाविद्यालयात मराठी माध्यमातून आलेली, शेवटच्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी गाठा आणि तिचे पहिले वर्ष कसे गेले ते विचारा. दुसरे म्हणजे, व्हायवाच्या आधी परीक्षेतला प्रयोग मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. तो नीट सांगता आला, तर विषय तुम्हाला येतो. उणीव आहे ती इंग्रजीत बोलण्याच्या सवयीची, आणि ती तेच उत्तर रोज मोठ्याने इंग्रजीत म्हणून भरून निघते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे प्रत्यक्ष जमलेले काम. अर्थात सगळा भार तुमच्यावर टाकणे मला मान्य नाही. सीमाभागातून येणाऱ्या मुलांना उत्तरासाठी मिनिटभर अधिक देणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे, आणि तशी विनंती करण्यात कमीपणा नाही.

झोप उडाली किंवा जेवण जाईनासे झाले, तर घरी सांगा आणि १४४१६ या टेलि-मानसच्या विनामूल्य सरकारी क्रमांकावर समुपदेशकाशी बोला.