फरशी वर उचलतेय आणि बिल्डर म्हणतो टाइल्स बदलून देतो

नमस्कार ताई, पत्र वाचलं. पाथर्डी फाट्याजवळचं रो हाऊस, ताबा मिळून साडेचार वर्षं, हॉलची फरशी मधोमध फुगलीय, बेडरूमचं दार खाली घासतंय, आणि तुमच्या इंजिनिअरने खालपर्यंत भोक पाडून नमुना (कोअर) काढून फरशीखालच्या भरावाच्या दगडात सल्फाइड, म्हणजे गंधकाचं खनिज, असल्याचा रिपोर्ट दिलाय. बिल्डर म्हणतो हे सेटलमेंट आहे, म्हणजे घर थोडं खाली बसलंय, टाइल्स बदलून देतो, फक्त ‘तक्रार मिटली’ म्हणून सही द्या.

सही अजिबात देऊ नका.

सेटलमेंटमध्ये घर खाली बसतं, तुमची फरशी तर वर येतेय. भरावात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज, सल्फाइडचाच एक प्रकार) असेल तर ओल आणि हवा लागून त्यातून गंधकाम्ल तयार होतं, ते दगडातल्या चुन्याच्या अंशाशी मिळून जिप्सम होतं, त्याला जागा जास्त लागते म्हणून वरचा कोबा ढकलला जातो. भराव तसाच ठेवला तर नव्या टाइल्सही उचलणार. डब्लिन भागात घरांचं असंच झालं, आयर्लंडला 2013 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आता तुमचा कायदा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीचा स्थावर मालमत्ता कायदा, कलम 14(3): ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला की त्याने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई. म्हणजे हातात जेमतेम सहा महिने. व्हॉट्सअॅपवर बोलणं झालंय ते जपून ठेवा पण त्यावर राहू नका, रिपोर्ट आणि फोटो जोडून याच आठवड्यात स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, ईमेलही करा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नोटीस फक्त ‘सल्फाइड’वर उभी करू नका. त्यांचा वकील म्हणणार की नाशिकचा काळा दगड बेसाल्ट, त्यात हे कुठून येणार, खालची काळी माती फुगली असेल. तुम्ही लिहा: फरशी उचललीय, कारण काहीही असो, भराव कुठला टाकायचा आणि काळी माती काढायची की नाही हे बिल्डरनेच ठरवलं होतं.

दुरुस्तीला माणसं आली तर आधी नमुना. तारीख कळवून बिल्डरलाही बोलवा, भराव पिशवीत सील करा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या, कारण एकदा खोदून ट्रॉलीत गेला की पुरावाही गेला.

30 दिवसांत काही झालं नाही तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे, पण तिथे मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची, त्यामुळे पहिली भेग कधी दिसली ते मला कळवा. आणि शेजारच्यांच्या फरश्या बघून घ्या, त्यांच्याही उचलल्या असतील तर त्यांनाही त्यांच्या ताब्याच्या तारखा काढायला सांगा.