देशपांड्यांचे की देशपांडेंचे?

नागपुरातल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारले आहे: "मराठी भाषा गौरव दिनासाठी मी विदर्भातल्या लेखक-कलावंतांवर टिपण लिहिते आहे. त्यात देशपांडेच देशपांडे आले. मी सगळीकडे 'देशपांडेंनी' लिहिले होते, सरांनी ते 'देशपांड्यांनी' केले. मला ते रूप हेटाळणीचे वाटते. शिवाय घरी सांगतात की देशपांडे म्हणजे देशाचे पंडित, म्हणून त्यांच्यात इतके विद्वान निपजले. यातले खरे काय?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

'देशपांडे' हे मुळात हुद्द्याचे नाव. इथला 'देश' म्हणजे राष्ट्र नव्हे, परगणा. गावात पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्यात देशमुख आणि देशपांडे. देशमुखाकडे अंमल, देशपांड्याकडे दप्तर: जमीन किती, सारा किती, वसूल किती, बाकी किती. म्हणून याच हुद्द्याला 'देशकुलकर्णी' असेही म्हणत. शास्त्र जाणणारा तो पंडित. देशपांड्याला हिशेब चोख लिहिता आला की पुरे. आणि पावनखिंडीत १६६० साली लढले ते बाजी प्रभू आठवा. हिरडस मावळात बांदल देशमुख आणि बाजी प्रभू त्यांचे देशपांडे. त्यांच्या नावापुढचा शब्द वतन सांगतो, पांडित्य नाही.

परगणे अनेक, म्हणून देशपांडेही अनेक. एका मूळ पुरुषापासून पसरलेले हे कुळ नव्हे. दोन देशपांडे भेटले तर त्यांचे गोत्र वेगळे, गाव वेगळे, पोटजातही वेगळी असू शकते. तुझ्या घरच्यांना अभिमान वाटतो तो मला समजतो, पण विद्वत्ता आडनावातून आली म्हणायचे तर कुसुमावती देशपांडे माहेरच्या जयवंत होत्या, सुनीता देशपांडे ठाकूर आणि गौरी देशपांडे कर्वे, इरावतीबाईंच्या कन्या. मराठी गद्यातली ही तीन ठळक नावे, आणि तिघींनाही हे आडनाव लग्नाने मिळाले.

आता रूपाचे पाहू. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात हा हुद्दा 'देशपांड्या' असा दिलेला आहे. एक असेल तर देशपांड्या, अनेक असतील तर देशपांडे. माणसाला मान द्यायचा तर मराठी अनेकवचन वापरते: 'बाबा आले', 'सर म्हणाले'. तसेच 'देशपांडे आले'. म्हणजे आपण आडनाव म्हणून लिहितो ते रूप आधीच आदरार्थी अनेकवचन आहे. 'पेशवा'चे 'पेशवे' झाले ते असेच. मग पुढे विभक्ती लागली की 'पेशव्यांनी', 'पेशव्यांचा'. 'पेशवेंचा' कोणी लिहीत नाही. आपल्याच गावाचा इतिहास बघ ना. 'नागपूरकर भोसल्यांचे राज्य' हे शब्द शाळेपासून आपल्या कानावर आहेत; 'भोसलेंचे राज्य' म्हटले की कानाला खडा लागतो. 'देशपांड्यांचे' हे त्याच पंगतीतले रूप आहे. साहित्य महामंडळाच्या, १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या लेखननियमांत तर आडनावाचेच उदाहरण दिले आहे: फडके – फडक्यांना.

तुला त्यात हेटाळणी ऐकू येते याचे कारण मात्र खरे आहे. गणूचा 'गण्या', रामाचा 'राम्या' करणारा एक 'या' मराठीत आहे. वर्गात "ए देशपांड्या!" अशी हाक मारतात तो हाच. पण ते एकवचन झाले. 'देशपांड्यांनी'मधला 'ड्या' सामान्यरूपाचा आहे आणि त्याच्यावरचा अनुस्वार अनेकवचनाचा, म्हणजे आदराचा. तो अनुस्वार गाळलास तरच अपमान होईल.

'देशपांडेंनी' हे रूप वाढले कसे? मला दोन कारणे दिसतात. एक, काही आडनावांचे सामान्यरूप नेहमीच्या विशेषणासारखे दिसते. 'काळ्यांचा', 'खऱ्यांचा' म्हटले की क्षणभर घोटाळा होतो, म्हणून लोक 'काळेंचा', 'खरेंचा' करतात. ही अडचण मला मान्य आहे. पण 'देशपांड्यांचा' ऐकून कुणाचा कसला घोटाळा होणार? दुसरे कारण आपल्या नागपूरच्या बोलण्यातले. इथे हिंदी सतत कानावर असते आणि हिंदीत असे आडनाव विभक्तीपुढे बदलत नाही: 'देशपांडे ने कहा'. त्या सवयीने नाव जसेच्या तसे ठेवावेसे वाटते. बोलताना ठेवावे, त्यात पाप नाही. लिहिताना मी सरांच्या बाजूचा आहे.

मूळ नाव अजिबात हलवायचे नसेल तर तिसरी वाट आहे: 'कुसुमावती देशपांडे यांनी'. वर्तमानपत्रांनी ती रूढ केली आणि ती निर्दोष आहे. फक्त प्रत्येक वाक्यात 'यांनी-यांच्या-यांना' आले की मजकूर सरकारी पत्रासारखा होतो. पहिल्या उल्लेखाला 'यांनी' आणि पुढे 'देशपांड्यांनी' असे केलेस तर बरे वाचले जाईल.

तुझ्या टिपणातली खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तू विचारलेली नाहीस. नुसते 'देशपांड्यांनी' लिहिले तर कोणत्या? मराठीने यासाठी आद्याक्षरे वापरली. पु. ल. आणि पु. य. हे दोघेही पुरुषोत्तम देशपांडेच. एक लक्ष्मणाचे, दुसरे यशवंताचे. वडिलांच्या नावाच्या एका अक्षराने दोन पूर्ण वेगळी माणसे आपण बिनचूक ओळखतो. पु. य. आपल्या नागपूरचे. 'बंधनाच्या पलीकडे' ही त्यांची कादंबरी १९२७ची, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 'अनामिकाची चिंतनिका' या तत्त्वचिंतनाला, १९६२ साली. विनोबांच्या भूदानयात्रेत चाललेल्या निर्मलाताई या त्यांच्या कन्या. यवतमाळचे य. खु. महानुभावांच्या पोथ्यांत रमले; 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे त्यांचे पुस्तक. अ. ना. म्हटले की प्राचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे जाडजूड खंड डोळ्यांपुढे येतात. यांतल्या कुणाचेही नुसते आडनाव सांगून भागत नाही, आणि आद्याक्षरे सांगितली की आडनावाची गरज उरत नाही.

आत्माराम रावजी देशपांड्यांनी तर आडनाव बाजूलाच ठेवले. ते 'अनिल' झाले. मुक्तछंद रुजवणारे आणि दहा ओळींची 'दशपदी' घडवणारे अनिल. १९५८च्या मालवणच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष, आणि १९६१च्या ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. 'पासंग'मधले त्यांचे समीक्षालेख मी अजूनही काढून वाचतो. या दोघांच्या पत्रांच्या पुस्तकाचे नाव 'कुसुमानिल'. संधी सोडवून बघ: कुसुम आणि अनिल. दोघांना जोडणारे आडनाव त्यात कुठेच नाही, तरी जोडी पूर्ण आहे. शब्दांच्या माणसांनी आपल्या नात्याला दिलेले इतके नेमके नाव मराठीत मला दुसरे ठाऊक नाही.

गायक वसंतरावांचे सांगायचे राहिले. अनिल मूर्तिजापूरचे आणि वसंतरावही जन्माने तिथलेच. त्यांचे गाण्याचे शिक्षण नागपुरात सुरू झाले आणि पुढे 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब त्यांनी अजरामर केले. पण त्याआधी कितीतरी वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती. तुझ्या यादीतल्या इतक्या देशपांड्यांत आडनावाचा मूळ धंदा प्रत्यक्ष केलेला मला हा एकच सापडतो, आणि तो निघाला गवई!

तेव्हा टिपणात असे लिही: 'वसंतराव देशपांड्यांनी', 'कुसुमावती देशपांड्यांचे', 'पु. यं.ची कादंबरी', 'अनिलांच्या दशपद्या'. पहिल्या नावाला हात लावायचा नाही, विकार शेवटच्या शब्दाला होतो. म्हणूनच 'साने गुरुजींचे' लिहितो, 'सान्यांगुरुजींचे' नाही. आणि कार्यक्रम सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात असेल तर निमंत्रणावर 'डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात' असेच छापायचे. तिथे विभक्ती सभागृहाला लागली आहे, देशपांड्यांना नाही.