कृषी सल्ला : पहाटे गारठा, दुपारी कोरडा वारा, द्राक्ष, कांदा, गहू, हरभरा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, सिन्नर भागातून या आठवड्यात आलेल्या प्रश्नांचा रोख एकच आहे. फेब्रुवारी संपत आला तरी पहाटे पुन्हा गारठा का, आणि त्यावर फवारायचं काय? आधी हवेचं सांगतो. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडे उत्तरी वारे आपल्याकडे येतात. आकाश निरभ्र असतं, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. पुढचे पाच-सहा दिवस हेच चालेल. पहाटे 9 ते 12 अंश, दुपारी 29 ते 31. पाऊस नाही, ढग नाहीत, दवही जवळजवळ नाही.

ही थंडीची लाट नव्हे. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी असेल, तरच हवामान खातं लाट म्हणतं. म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवायची गरज नाही. मात्र अंदाजातलं तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीच्या पेटीत मोजलेलं असतं. खोलगट रानात पहाटे त्याहून दोन-तीन अंश कमीच भरतं. गोदा-कादवा नद्यांच्या काठाला बाग असेल तर घडाच्या उंचीवर, सावलीत, साधा कमाल-किमान तापमापक टांगा. तो माझ्यापेक्षा खरं सांगेल.

दिंडोरीकडच्या एका बागायतदारांनी विचारलंय: थॉमसन द्राक्षाच्या घडांत पाणी उतरलंय (म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागलीय), पण मणी तडकतायत, काही गुलाबी पडतायत, व्यापारी बघून निघून जातात. भाऊ, दोन्हींच्या मुळाशी दिवस-रात्रीची तफावत आहे, पण उपाय वेगळे. गुलाबी झालेला मणी पुन्हा हिरवा होत नाही. कोणतंही टॉनिक त्यावर चालत नाही, पैसे घालवू नका. ज्या प्लॉटमध्ये पाणी आत्ता उतरू लागलंय, तिथे घडांना कागद लावा. उघड्यावरचे, उन्हाच्या बाजूचे घड आधी झाका.

तडकण्याचं कारण पाणी देण्याच्या पद्धतीत शोधा. चार दिवस ठिबक बंद ठेवून पाचव्या दिवशी सहा तास सोडलं, की मुळं एकदम पाणी ओढतात. गार रात्री पानांतून बाष्प फारसं जात नाही, सगळा दाब मण्याच्या सालीवर येतो. रोज थोडं-थोडं द्या. एकूण पाणी कमी करू नका, कारण कोरड्या वाऱ्याने दुपारी वेलीची गरज वाढलेली असते. गारठ्यात गोडी सावकाश भरते. तोडणी चार-सहा दिवस लांबली तरी चालेल, पण व्यापाऱ्याच्या घाईने आंबट माल काढू नका.

केवडा या बुरशीच्या रोगासाठी फवारू का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. पान ओलं राहिल्याशिवाय केवडा वाढत नाही. या आठवड्यात तो खर्च वाचवा. भुरी या दुसऱ्या बुरशीचं तसं नाही. तिला ओलावा लागत नाही, दाट सावलीच्या वेली पुरतात. घड हातात घेऊन देठाजवळ आणि आतल्या मण्यांवर राखाडी पीठ दिसतं का, ते उन्हात धरून पाहा. काढणीला महिन्याच्या आत आलेल्या बागेत लेबलवरचा काढणीपूर्व काळ (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) पाहिल्याशिवाय रासायनिक बुरशीनाशकाला हात लावू नका. जैविक वापरणार असाल तर ऊन उतरल्यावर फवारा. भर दुपारच्या कोरड्या हवेत त्यातले जिवाणू तग धरत नाहीत आणि मग औषधाला दोष दिला जातो.

सिन्नरच्या ताईंचा प्रश्न: कांद्याच्या पातीचे शेंडे वाळतायत, करपा (बुरशीचा रोग) म्हणून दोन फवारण्या झाल्या, फरक नाही. ताई, एक रोप उपटा, मधला पोगा (कोवळ्या पातींचा गाभा) उकला आणि पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर, केसाएवढे किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. कोरड्या हवेत त्यांचं फावतं, आणि बुरशीनाशकाने ते मरत नाहीत. पातीवर पांढुरके चट्टे असले तर शंकाच नको. तुषार सिंचन असेल तर ते चालवा, किडे धुऊन निघतात. कीटकनाशक फवारायचं झालं तर स्टिकर घालाच, नाहीतर मेणचट पातीवरून द्रावण घरंगळून जातं. लागवडीला दोन महिने झाले असतील तर युरिया आता बंद. पात हिरवीगार दिसेल, पण माना जाड राहतील आणि साठवणीच्या चाळीत कांदा सडेल.

गव्हाला ही हवा मानवते. गार रात्रींमुळे दाणा भरायला जास्त दिवस मिळतात. चिकात असलेल्या (दाण्यात दूध भरत असलेल्या) गव्हाला एक पाणी द्या, पण वारा पडल्यावर, संध्याकाळी. ओल्या रानात वारा आला की गहू लोळतो.

हरभरा वाळला असेल तर सकाळी लवकर काढा. दुपारच्या उन्हात घाटे तडकून दाणा रानातच राहतो. दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा, मगच पोती भरा.

उन्हाळी मुगाची पेरणी करू का, असं विचारणाऱ्यांनी थोडं थांबावं. पहाटेच्या या गारठ्यात उगवण रेंगाळते. रात्रीचं तापमान 15 अंशांच्या वर टिकू लागलं की पेरा. मार्चचा पहिला आठवडा अजून हातात आहे.