बॉस्टनला यायचं का म्हणून विचारलंस त्याबद्दल

सेल अ‍ॅडहीजनवर, म्हणजे पेशी आजूबाजूला कशा चिकटतात त्यावर, पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) ऑफर आलीये, सात वर्षांच्या मुलाला घेऊन बॉस्टनला यावं का, असं विचारलंस. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

व्हिसाचं वेबसाइटवर सगळं मिळेल. जे-वन, म्हणजे संशोधकांना मिळतो तो एक्सचेंज व्हिसा, असेल तर दोन वर्षं मायदेशी परत जाऊन राहायची अट आपल्याला लागू आहे का तेवढं बघ, मी बघितलंच नव्हतं. नवऱ्याच्या वर्क परमिटची वाट बघण्यात पाच महिने गेले, तो घरात बसून बसून बोलेनासा झाला.

शाळेचं मात्र अजून सलतं. मुलगी पुण्यात इंग्लिश मीडियमला होती, पण फॉर्मवर घरची भाषा मराठी असं खरं लिहिलं म्हणून तिची टेस्ट घेतली, ती घाबरून गप्प बसली, आणि दीड वर्ष इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात गेली. भांडायचं होतं, पण मी लॅबमध्ये.

तुझाच विषय आहे म्हणून सांगते. फ्रिश आणि फ्रान्सिस या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलं ना, एपिथेलियल, म्हणजे अस्तरातली, पेशी मॅट्रिक्सपासून, म्हणजे भोवतीच्या जाळ्यापासून सुटली की इंटिग्रिनकडून (तिला त्या जाळ्याशी जोडणाऱ्या प्रथिनाकडून) येणारा सिग्नल थांबतो आणि ती आपणहून मरते. या मरणाचं नाव अनोइकिस, ग्रीकमध्ये बेघर होणं. पहिल्या हिवाळ्यात पेशींची प्लेट बघता बघता तो शब्द आठवला आणि मी इन्क्युबेटरपाशी उभी राहून रडले. लोक म्हणतात सवय होते, पण चिकटल्याशिवाय मजेत जगते ती कॅन्सरची पेशी.

मग 1997 चा चेन, इंगबर वगैरेंचा पेपर परत काढून वाचला, हे काम इथलंच, हार्वर्डचं. केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना त्यांनी मोजूनमापून चिकटायला ठिपके दिले. एकाच छोट्या ठिपक्यावर आक्रसून गोल झालेली पेशी चिकटलेली असूनही मरते, पण तेवढीच जागा बारीक बारीक ठिपक्यांत दूरदूर वाटून दिली की ती त्यांच्यावरून ताणून पसरते आणि जगते.

मी तीन वर्षं एका ठिपक्यावर होते, लॅब. मंडळाच्या गणपतीलासुद्धा गेले नाही, एक्सपेरिमेंट चालू आहे म्हणायचे. तू आलीस तर पहिल्याच महिन्यात शेजारीण, लायब्ररी, मुलाच्या मित्राची आई, जे मिळेल ते धर, अर्धवट ओळख असली तरी चालेल.

आणि हो म्हणायच्या आधी मुलाला विचार. मी माझ्या मुलीला विचारलं नव्हतं, तिने ते मागच्या वर्षी बोलून दाखवलं.