मराठी माध्यमातून शिकलेल्याला एक्स-रे दुर्बिणींवरून फुटलेल्या ताऱ्यांचा अभ्यास करता येतो का? त्यासाठी परदेशी जावंच लागतं का?

येतो. खानापूर तालुक्यातून बी.एस्सी. करताय असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. माध्यमाची भीती तुम्हाला कुणी घातली ठाऊक नाही; मला बेळगावातल्या आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी घातली होती. २०११ साली शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी नासाच्या ‘चंद्रा’ या अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा घेतो म्हणालो, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “मराठी शाळेतनं आलायस, नासा तुला डेटा देणार होय? सोलर कुकर कर.”

चंद्राची निरीक्षणं काही काळाने सगळ्यांना खुली होतात. सही लागत नाही, शिफारस लागत नाही. मी कॅसिओपिया ए घेतला, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला अवशेष. सुमारे ११,००० प्रकाशवर्षं लांब, आणि त्याच्या स्फोटाचा प्रकाश इथे पोचला त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. १९९९ मध्ये चंद्रा वर गेली तेव्हा जगाला दाखवलेलं पहिलं चित्र याचंच.

आमचं घर वडगावात. पुढच्या खोलीत दोन माग, ते चालू असले की माझं टेबल हादरायचं. फाईल उतरायला रात्र गेली. उघडली तर चित्र नाहीच, नुसते आकडे. एका ओळीत एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण: कधी आला, कुठे पडला, ऊर्जा किती. ऊर्जेप्रमाणे मोजून आलेख काढला. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक ऊर्जेला चमकतं, त्यावरून ते ओळखायचं. १.८५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ (हे ऊर्जेचं एकक) उंच सुळका, तो सिलिकॉन. २.४५ ला गंधक. ६.६ च्या आसपास बुटका उंचवटा, ते लोखंड. मग सिलिकॉनचे फोटॉन हिरव्यात आणि लोखंडाचे निळ्यात मांडले.

माग थांबवून अण्णा आत आले. मी सांगितलं, लोखंड ताऱ्याच्या पोटात तयार होतं, सिलिकॉन त्याच्या वरच्या थरात. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग डावीकडच्या खालच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, “मग हितं निळं भाईर कसं? आतलं सूत वर आलंय की रे.”

अंगावर काटा आला माझ्या. स्फोटात थर उलटेपालटे होऊन आतलं लोखंड सिलिकॉनच्याही बाहेर फेकलं गेलं, हे खगोलशास्त्रज्ञांनी २००० साली चंद्राच्या अगदी पहिल्या निरीक्षणांवरून मांडलं होतं. अण्णा मराठी चौथी शिकलेले. प्रश्न तोच विचारला त्यांनी.

प्रोजेक्ट शेवटी सोलर कुकरचाच दिला, कारण सरांनी आलेख हातातसुद्धा घेतला नाही. सर, हे वाचत असाल तर ऐका: डेटा दिला नासाने. शाळा कुठली, हे कुणी विचारलं नाही.

परदेशाचं म्हणाल तर पुण्याला आयुका आहे, मुंबईला टीआयएफआर; दोन्ही संशोधन संस्था. २०१५ मध्ये सोडलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची मृदू (म्हणजे कमी ऊर्जेच्या) एक्स-रेंची दुर्बीण टीआयएफआरने बनवलेली, आणि तिचा डेटाही खुला आहे. मात्र तिला चंद्राइतकं बारीक दिसत नाही, हे धरून चाला. जेस्ट या भौतिकशास्त्रातल्या पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी आत्तापासून करा. ज्याला डोळा लावून तारे बघायचेत त्याने या वाटेला येऊ नये. इथे मोजणी असते, दिवसच्या दिवस.

इंग्रजी मात्र लागतं. शोधनिबंध मराठीत नाहीत, सुरुवातीला एकेक पान वाचायला मला दोन दिवस लागायचे. पायथन ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र कुणी शिकवेल म्हणून थांबू नका. कायमच्या जागाही थोड्या आहेत. मी स्वतः धारवाडला एम.एस्सी. करून शिकवण्याकडे वळलो, पीएच.डी.चा अनुभव मला नाही, तेव्हा पुढचं त्या वाटेने गेलेल्यांना विचारा.

सुरुवात कॅसिओपिया ए पासूनच करा. रंग लावून झाले की घरातल्या कुणाला तरी बोलवा आणि डावीकडची खालची कड दाखवा.