तंबू-सामान लादून पोलादपूर ते महाबळेश्वर सायकलने: मांड्यांसाठी कोणता व्यायाम करू?

तुम्ही विचारलंय की या वाटेवरचा आंबेनळी घाट सामानासकट एका दिवसात चढायचा आहे, त्यासाठी दोन महिने कोणता व्यायाम करावा आणि मुक्काम कुठे टाकावा. व्यायामाचं राहू द्या. आधी सायकलचे दात मोजा: पुढच्या सगळ्यात लहान चक्रीचे आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीचे.

अंतर साधारण 40 किलोमीटर, चढाई साधारण 1,300 मीटर. सरासरी सव्वातीन टक्के निघते आणि हीच सरासरी माणसाला फसवते. सुरुवातीचा रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून जातो, तिथे चढ जाणवतही नाही. पुढे तो सगळी वसुली करतो. प्रतापगड फाट्याला घाट संपल्यासारखा वाटतो, पण महाबळेश्वर तिथून अजून वीसेक किलोमीटर वर आहे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुढे 34, मागे 28 दात होते. आमच्या ग्रुपात एकाचं ठाम मत होतं की पुढे तीन चक्र्या म्हणजे पोरासोरांची सायकल, पाय तयार असले की दोन पुरतात. मी ऐकलं. आता हिशोब बघा. 70 किलोचा माणूस, 15 किलोची सायकल, 18 किलो सामान. पाच टक्के चढावर ताशी 6 किलोमीटर टिकवायला साधारण 95 वॅट लागतात. एवढी ताकद कोणाच्याही पायात असते. पण 34-28 वर पेडलचा एक फेरा सायकलला दोन मीटर साठ सेंटिमीटर पुढे नेतो, म्हणजे त्या वेगाला मिनिटाला जेमतेम 38 फेरे. हे सायकल चालवणं नाही, प्रत्येक फेऱ्याला पायरी चढणं आहे. आठ टक्क्यांवर तीच गोष्ट दीडशे वॅटला जाते. मग माणूस उभा राहून पेडल मारतो, मागचं सामान डावी-उजवीकडे झोके खातं, गुडघ्याची वाटी बोलायला लागते आणि मागच्या चाकाचा चेनच्या बाजूचा स्पोक तुटतो. माझा तुटला. त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, आणि बदलायला आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, काढावी लागते, जिचा पाना माझ्याकडे नव्हता.

नंतर पुढे 42-32-22 दातांच्या तीन चक्र्यांचा क्रँक आणि मागे 11-34 ची कॅसेट बसवली. 22-34 वर एक फेरा 1.4 मीटर, म्हणजे त्याच वेगाला सत्तरेक फेरे. पाय तेच, घाट तोच. ग्रुपातले ते गृहस्थ अजून म्हणतात की मी तोवर तयार झालो होतो. काही तयार झालो नव्हतो, वजन दोन किलो वाढलंच होतं.

बदल करताना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर टाकणारा भाग, लांब पिंजऱ्याचा घ्या, क्षमता किमान 43 दात (पुढचा फरक 42-22 आणि मागचा 34-11, यांची बेरीज). चेन डिरेलरमधून न ओवता दोन्हीकडच्या मोठ्या चक्र्यांवर गुंडाळा, जिथे टोकं जुळतात त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा. आखूड ठेवलीत तर चुकून मोठ्यावर-मोठ्यावर टाकल्याक्षणी डिरेलर उपटून निघेल. रोड सायकलच्या ब्रेक-गिअर लिव्हरशी एमटीबीचा पुढचा डिरेलर जुळत नाही, केबल ओढण्याचं माप वेगळं असतं. पुढे साधा फ्रिक्शन लिव्हर, म्हणजे ठरावीक खाचा नसलेला, लावा. मागे कॅसेटऐवजी सात स्पीडचं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा चक्र्यांचा संच) असेल तर 14-34 मिळतं, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

सामान सगळं मागे नको. पुढचं चाक हलकं झालं की ताशी 5-6 च्या वेगात हँडल भटकतं, आणि मागून एसटी येत असताना ते परवडत नाही. पाणी, भांडी, अवजारं पुढे आणि खाली. तंबू-स्लीपिंग बॅग मागे. पाठीवर सॅक अजिबात नको. कॅरिअरच्या बोल्टांना नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट लावा, नाहीतर कंपनाने सुटतात.

डावीकडच्या हेअरपिनला आपण आतल्या कडेला असतो आणि चढ तिथेच सगळ्यात उभा असतो. गिअर वळणाच्या आधी उतरवा. वळणात जोर लावताना चेन उतरवाल तर ती अडकेल. उजव्या वळणाला बाहेरची बाजू आपलीच, तिथे दम घ्या.

पहाटे साडेपाचला निघा. तासाला साधारण लिटरभर पाणी धरा, पण सगळं पोलादपूरहून वाहू नका. तीन लिटर भरा, फाट्यावर पुन्हा भरा. एका लिटरला ओआरएसचं एक पाकीट. भूक लागायची वाट न बघता पाऊण तासाला चिक्की किंवा केळं. पोटरीत गोळा आल्यावर खाल्लेलं त्या दिवशी उपयोगी पडत नाही. ढकलायची वेळ आली तर लाज वाटू देऊ नका, ताशी साडेतीन-चारने ढकलत जाणंही चढणंच आहे.

मुक्कामाचं म्हणाल तर जंगलात परवानगीशिवाय तंबू ठोकू नका. गावात विचारून देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात.

आणि हो, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर माझे आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरला विचारा. पावसाळ्यात तर जाऊच नका. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत हा घाट दरडी कोसळून बंद पडला होता.